समुद्रात घेतलेलं नाव

नाव : श्री. केवळराम गोमाजी लांजेवार. हुद्दा : पोस्टमन, पवनी. मुक्काम : आसगाव, जिल्हा भंडारा. जन्मतारीख : एक जुलै एकोणीसशे छत्तीस, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवल्याप्रमाणे. उंची : पाच फूट पाच इंच, अनवाणी. ओळखीची खूण : डाव्या पोटरीवर शिंगाड्याचा काटा रुतून झालेला व्रण. चारित्र्य : समाधानकारक. दृष्टी : चष्म्याविना ठीक. श्रवण : दोन्ही कान निर्दोष. पोहता येते काय : होय, उत्तम.

शेवटचा रकाना मूळ छापील कागदात नव्हता. तो एका कारकुनाने शाईने वाढवला, कारण केवळरामच्या वाट्याची दोन गावं वैनगंगेपलीकडे होती आणि पावसाळ्यात डोंगा मिळाला नाही तर टपालाचं काय, ही चिंता त्या कारकुनाला होती. केवळरामला नव्हती. कानांची तपासणी मात्र रीतसर झाली. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून आधी उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. टिकटिक येते का? येते. मग त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः दाराशी गेले आणि कुजबुजत म्हणाले, "केवळराम." केवळराम वळला. डॉक्टरांनी 'निर्दोष' असं लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

आसगावात मात्र हे कागद कोणी पाहिले नव्हते आणि पाहण्याची गरजही नव्हती. गावाच्या दृष्टीने केवळराम म्हणजे तलावातला माणूस. धानाच्या बांध्यांना पाणी देणारा गावचा तलाव भर उन्हाळ्यातही मध्यभागी दोन पुरुष खोल असायचा आणि त्यात काही पडलं की केवळरामला बोलावणं जायचं. लोटा पडला, केवळराम. म्हशीच्या गळ्यातली घंटा पडली, केवळराम. त्र्याहत्तर साली हिरालालचा बैल गाळात रुतला तेव्हा सगळं गाव तलावाच्या पाळीवर उभं राहून सल्ले देत होतं आणि केवळराम बैलाच्या पोटाखालून दोर घालत होता. बैल निघाला. पुढे तो बैल म्हातारा होऊन मेला तरी गोष्ट तरुणच राहिली. दर वर्षी तिच्यात पाणी एक हात वाढत असे.

केवळरामची बायको रुखमा. तिला पोहता येत नव्हतं. तिची ख्याती वेगळी होती. आसगावात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं समजत. किती कमी होतं ते कोणी मोजलं नव्हतं, पण धोका कोण पत्करणार? तेव्हा कोणीच बाई नाव घेत नसे. रुखमा त्याही पुढे गेलेली. नावाच्या जवळपास जाणारा शब्दसुद्धा तिच्या तोंडून निघत नसे. 'केवळ' हा पुस्तकातला शब्द, त्याचा त्रास नव्हता. पण 'केळी' म्हणताना जीभ घसरली तर काय घ्या, म्हणून ती केळ्यांना 'पिवळं फळ' म्हणायची. रामनवमी ही 'चैताची नवमी' होती. कोणी राम राम केला तर ती 'नमस्कार' म्हणायची. त्यामुळे परगावच्या पाहुण्यांना ती शिकलेली आहे असं वाटायचं. सासरे गोमाजी, त्यामुळे चुलीमागून निघणारी गोम ही 'शंभरपायी' होती. लग्नात उखाण्याची सूट असते. तिथेही तिने तोंडातल्या तोंडात काही पुटपुटलं. ते कोणाचंही नाव असू शकलं असतं.

अठ्ठावीस वर्षं झाली होती. एक मुलगी होती, ती लग्न होऊन आंधळगावला गेलेली. अठ्ठावीस वर्षांत केवळरामने आपलं नाव बायकोच्या तोंडून ऐकलं नव्हतं आणि ऐकावंसं वाटलंही नव्हतं. "अवो, आयकलं काय?" एवढ्यावर संसार चालत होता.

समुद्राची कल्पना टेकचंदची. टेकचंद पवनीच्याच पोस्टात टपाल निवडायला होता आणि परिपत्रकं बारकाईने वाचायचा. चार वर्षांतून एकदा सरकार आपल्या नोकराला बायकोसह भारतात कुठेही जाऊन येण्याची सवलत देतं, हे त्याने शोधून काढलं.

"तिरुपतीले जाऊ म्हणतो," केवळराम म्हणाला.

"हट्! सरकार जहाजात बसवून राहिलं, अन् तू डोकं भादरून वापस येतं काय गा?" टेकचंदने भिंतीवरच्या नकाशात उजव्या बाजूला समुद्रात सांडलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "अंदमान. हे बी भारतातच हाय. आपल्या खात्याची टपाल तेथी बी जाते."

घरी सांगितलं तेव्हा रुखमाने विचारलं, "तेथी काय हाय?"

"पाणी."

"पाणी पाहाले एवढ्या दूर? मंग आपल्या तलावात काय हाय?"

तरी ती निघाली. चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर, नागपूरहून मद्रास, मद्रासहून जहाज. जहाजात टेकचंद तीन दिवस आडवा होता आणि त्याची बायको बेबीबाई त्याच्या उशाशी लिंबू घेऊन बसली होती. केवळराम कठड्याशी उभा राहून समुद्राकडे जाणकाराच्या नजरेने पाहायचा. "वैनगंगेले पूर आला त असंच दिसते," तो म्हणाला. रुखमाने मान डोलावली. नवरा पाण्यातलं सांगतो म्हणजे खरंच असणार.

पाचव्या दिवशी सकाळी एका लहानशा बेटाकडे मोटरबोट निघाली. बोटीत भंडाऱ्याची ही दोन जोडपी आणि तीन बंगाली जोडपी. बोट चालवणारा बाबुलाल. त्याचा बाप रांचीकडून जंगल तोडायला आला तो तिथलाच झाला होता. किनाऱ्याजवळ, वाळूच्या उथळ पट्टीपासून साठेक हातांवर त्याने नांगर टाकला आणि एका पोत्यातून तोंडावर बांधायचे काचेचे चष्मे आणि दातात धरायच्या रबरी नळ्या काढल्या. तोंड पाण्यात ठेवायचं, नळी वर ठेवायची, खालचं सगळं दिसतं, असं त्याने हिंदीत समजावलं.

"हे का नवं हाय?" केवळराम मराठीत म्हणाला. "लहानपणी आमी कमळाच्या देठानं करो."

ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी ट्रकच्या टायरची ट्यूब होती, तिला दोर बांधलेला. बंगाली बायका किनाऱ्याच्या बाजूने उतरून ओरडाआरडा करू लागल्या. बेबीबाईने नवऱ्याचं कारण सांगून बोट सोडली नाही. रुखमाने लुगड्याचा काचा घट्ट मारला, ट्यूब अंगात घातली आणि पाण्याकडे न पाहता नवऱ्याकडे पाहिलं.

"दोर सोडान त नाई नं?"

"मी? अवं, लोकाईचे बैल काढतो मी पाण्यातून. तुले सोडीन?" त्याने दोराचे दोन वेढे पंजाभोवती घेतले, तिला दाखवले, आणि उतरला.

पुढची वीस मिनिटं केवळरामला नंतर फार दिवस आठवत राहिली, आणि ती चांगली होती हाच त्यांचा त्रास होता. खाली दगडांना फुलं आल्यासारखं दिसत होतं. हळदीच्या रंगाचे मासे, निळे मासे, पोपटासारखी चोच असलेला एक मासा दगड कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येत होता. रुखमा तोंड बुडवी, वर काढी, नळी काढून सांगायला लागे, आणि सांगून होण्याआधीच पुन्हा बुडवी. "अवो, एक त लुगड्यावानी हाय, काठपदराचा!" ती हसली, नळीत पाणी गेलं, ठसका लागला, तरी हसली. घरी ती पंधरा दिवसांत बोलते तेवढं तेव्हा बोलली. पोहत पोहत तो तिला वाळूच्या पट्टीकडे घेऊन गेला.

मग मासे आले. तीन होते. सगळ्यात मोठा जेमतेम चार फूट. पण पाण्यात काचेतून वस्तू मोठी दिसते हे केवळरामला कोणी सांगितलं नव्हतं. करडं अंग, पाठीवरच्या पराचं टोक काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं. ते घाईत नव्हते. शेपटीची एक हालचाल, आणि वळले. एकाचा डोळा केवळरामकडे होता.

आसगावच्या तलावाचं पाणी गढूळ आहे. त्यात तो चाळीस वर्षं उतरला, हाताने चाचपून लोटे काढले, बैल काढले, दोनदा माणसंही काढली. पण पाण्यात काय आहे हे त्याने एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्याचं सगळं शौर्य गढूळ पाण्यातलं होतं. इथे तळापर्यंत दिसत होतं आणि पाण्यातलं काहीतरी उलटून त्याच्याकडे पाहत होतं.

भीतीने हात सुटला, असं म्हणता आलं असतं तर पुढची बरीच गैरसोय टळली असती. पण हाताला दोन वेढे होते. वेढे आपोआप सुटत नाहीत, ते उलगडावे लागतात. केवळरामने ते उलगडले आणि बोटीकडे पोहत सुटला. मागून हाक आली.

"केवळराम!"

ती 'अवो' नव्हती. तो थांबला नाही. इतक्या जोरात तो जन्मात पोहला नव्हता. बोटीची कड हाताला लागली, तो वर चढला, तोंडावरचा चष्मा ओढून काढला आणि त्यानंतर मागे पाहिलं.

रुखमा पट्टीवर उभी होती. पाणी तिच्या छातीशी होतं. मासे तिच्याभोवती एक फेरी घालून, काही विशेष नाही असं ठरवून, खोल पाण्याकडे निघून गेले होते. त्यातले दोन बोटीच्या बाजूनेच गेले. बाबुलाल पोट धरून हसत होता.

"अरे बाबूजी, ये तो बच्चे हैं! आदमी को देखके खुद भागते हैं!"

हसत हसतच त्याने उडी मारली आणि तिला आणायला गेला. तोवर ती दोर गोळा करत होती. विहिरीचा दोर गुंडाळतात तसा, कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये, वेढ्यावर वेढा, नीट. बोटीत चढल्यावर तिने ती गुंडाळी नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली.

"भेवली काय वो?" बेबीबाईने विचारलं.

"नाई. मासे होते."

त्या विषयावर नवऱ्यादेखत रुखमा पुढची पावणेतीन वर्षं जे काही बोलली ते एवढंच.

केवळरामला वाटलं, रात्री बोलेल. नाही बोलली. जहाजावर बोलेल, म्हणून तो तीन दिवस तिच्या आसपास राहिला. ती शिंपल्या फडक्यात बांधत होती, मुलीसाठी. ती रागावली असती तर त्याच्याजवळ उत्तर तयार होतं: मी बाबुलालला बोलवायला गेलो होतो. उत्तर तयार होतं आणि प्रश्नच येत नव्हता. भांडण झालं असतं तर त्याला हरता तरी आलं असतं.

बोललं कोण, तर टेकचंद. तो बोटीच्या तळाशी ओकत पडलेला होता, त्यामुळे त्याने जे पाहिलं ते थोडं होतं आणि त्यात भर घालायला जागा भरपूर होती. त्याने डोकं वर काढलं तेव्हा केवळराम पाणी कापत येत होता आणि त्याच्यामागे दोन काळी टोकं येत होती. यातून टेकचंदने एकच सरळ अर्थ काढला. "वैनीपासून मासे तोडाले हा मुद्दाम पाण्यात धडपड करत निंगाला. मासे याच्या मागं. आपल्या जीवावर घेतलं गा यानं!" मद्रासला ते मासे, टेकचंदच्या भाषेत 'सार्क', सहा फुटांचे झाले. भंडारा रोडला उतरेपर्यंत दहा.

"तसं नाई गा ते," केवळराम दोनदा म्हणाला. तो ते अशा आवाजात म्हणाला की ऐकणाऱ्याला विनय वाटावा. विनय हा गुण त्याच्या सरकारी कागदात नव्हता. तो लोकांनी आपल्या पदरचा घातला. तिसऱ्यांदा तो काही म्हणाला नाही.

एक मे रोजी शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर सत्कार झाला. सरपंच वासुदेवराव स्वतः अध्यक्ष. मानपत्र मुख्याध्यापकांनी लिहिलेलं. त्यात 'जलचर', 'हिंस्र', 'पतिधर्म' आणि 'आसगावचे भूषण' हे शब्द होते. पुरुष मंडपात आणि बायका शाळेच्या पडवीत, अशी बसायची सोय होती. मध्ये वीस पावलं.

पडवीत बायकांनी रुखमाला घेरलं होतं. "आज त घ्याच लागते नाव," शकुबाई म्हणाली. ही शकुबाई सरपंचांची बायको. "एवढा जीव वाचवला तुहा! घे वो उखाणा."

"माझं घेऊन झालं," रुखमा म्हणाली.

"कवा?"

"समुद्रात."

बायका खोखो हसल्या. रुखमाबाई थट्टा करायला शिकून आली, समुद्राची हवा लागली, असं ठरलं. मंडपात खुर्चीवर बसलेल्या केवळरामला ते सगळं ऐकू आलं. कान चांगले होते.

मग त्याला बोलायला उभं केलं. गळ्यात झेंडूचा हार, हातात काचेत मढवलेलं मानपत्र. समोर सगळं गाव, ज्याने त्याला आयुष्यभर पाण्यातला माणूस म्हटलं होतं. तो मनात म्हणाला, आता सांगतो. तेवढ्यात वासुदेवरावांनी खुर्चीवरूनच विचारलं, "पण केवळराम, वैनीनं हाक नाई मारली काय गा तुले? बाईमाणूस, भेवाचं काम."

उत्तर देणं सोपं होतं. 'मारली' एवढंच म्हणायचं होतं.

"आता काय सांगू राजेहो," केवळराम म्हणाला, "त्या बंगाली बाया नवऱ्याले 'ओगो, ओगो' करत. आमच्या घरची म्हणन त 'अवो'. सारं पाणी ओगो-अवो होऊन राहिलं होतं! आसगावची बाई नाव त घेत नाई. नाव घेतलं असतं त आमी बी वळलो असतो!"

पटांगण हसून लोटपोट झालं. टेकचंदने टाळी दिली. केवळराम स्वतःही हसला, आणि हसता हसता त्याची नजर पडवीकडे गेली. रुखमा चहाच्या कपबशा मांडत होती. तिने वर पाहिलं नाही. एक कप बशीत सरळ बसत नव्हता, तो तिने फिरवून बसवला.

दोर सोडला तेव्हा भीती होती. भीतीला काहीतरी सबब असते. मंडपात कोणते मासे होते?

मानपत्र घरी खिळ्यावर लागलं. पुढच्या आठवडी बाजारात रुखमा त्याच्यापुढे दोन पावलं चालत होती. एका टोपलीशी ती थांबली आणि म्हणाली, "केळी कशी देली?"

विकणाऱ्याने भाव सांगितला. तिने घासाघीस केली, अर्धा डझन घेतली आणि पिशवीत टाकली. विकणाऱ्याच्या लेखी काही घडलं नव्हतं. केवळराम टोपलीशी उभाच राहिला. मागचे लोक त्याला हलायला सांगत होते.

त्यानंतर ते येत राहिलं. वाटेत वासुदेवराव भेटले तर "राम राम." रामनवमी आली तर रामनवमी. सगळं साध्या आवाजात, कुठे टोमणा नाही, कोणाला ऐकवण्यासाठी नाही. अठ्ठावीस वर्षं त्याच्या आयुष्याची राखण करत होती ती बाई पहारा उठवून आपल्या कामाला लागली होती. एकदा त्याच्या मनात आलं, ही सवय सुटली असेल, वय झालं. त्याच संध्याकाळी चुलीमागून गोम निघाली आणि रुखमा ओरडली, "शंभरपायी, शंभरपायी!" सासऱ्यांचा मान कायम होता.

केवळरामने तलावावर जाणं सोडलं. कोणी बोलवायला आलं की पाठ दुखायची. शहाऐंशीच्या पावसाळ्यात शाळेतल्या एका मास्तरची सायकल तलावात गेली. ती अजून तिथेच असावी. एकदा त्याने मानपत्र खिळ्यावरून उतरवलं. रुखमा तांदूळ निवडत होती. "राहू द्या," ती म्हणाली. "खिळा उघडा दिसते." त्याने परत लावलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. बस थांब्यावरच्या भय्याजीच्या चहाच्या दुकानात वासुदेवराव रेडिओ लावून बसले होते. बातम्या लागल्या. बंगलोरला सार्क परिषद भरली होती.

"आयकलं काय?" वासुदेवराव म्हणाले. "बंगलोरात सार्क आला."

"समुद्र कोठी हाय बंगलोरात?" भय्याजीने विचारलं.

"मासा नाही तो सरपंचसाहेब," नवा ग्रामसेवक भोजराज म्हणाला. तो महिन्यापूर्वीच लाखांदूरहून बदलून आला होता. "सात देशांची सभा आहे ती."

"असन. पण सार्क काय असते ते आमाले नका सांगू. सार्कले ज्यानं पळवलं तो मानूस हा बसला तुमच्या बाजूले." वासुदेवरावांनी केवळरामच्या पाठीवर थाप मारली. "सांग गा केवळराम, साहेबाले. ते ओगो-अवोचं सांग. लय हासतीन."

केवळरामने चहाचा कप खाली ठेवला. पुढे तो काय बोलला याची त्याने तयारी केली नव्हती. पावणेतीन वर्षं तयारी करून जे जमलं नव्हतं ते असंच निघालं.

"मासे माझ्या मागं नोते. मी पळलो. दोर हाताले गुंडाळला होता, तो मी सोडवला अन् तिले टाकून बोटीत चढलो. अन् तिनं 'अवो' नोतं म्हणलं. नाव घेतलं होतं माझं. मले आयकू आलं. मंडपात मी लबाड बोललो."

मग वासुदेवराव हसले.

"आता हे नवीन काढलं का? पळला म्हणते! बैल काढणारा मानूस पळते? अन् रुखमा वैनीनं नाव घेतलं? अरे, केळाले केळ म्हणे नाई ते बाई!"

"आता म्हणते," केवळराम म्हणाला.

याचा अर्थ कोणालाच लागला नाही. वासुदेवरावांना मात्र राग येऊ लागला होता. नवरा पळाला हे ते हसण्यावारी नेऊ शकत होते, पण गावची बाई, चार परक्या लोकांत, नवऱ्याचं नाव घेऊन ओरडली, हा गावाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. तेही नव्या ग्रामसेवकासमोर. "चाल," ते उठले. "इचारूनच घेऊ."

"राहू द्या नं," केवळराम म्हणाला. पण सगळे निघाले होते.

अंगणात रुखमा सुपाने धान पाखडत होती. चार पुरुष आलेले पाहून तिने पदर डोक्यावर घेतला आणि उठून उभी राहिली. वासुदेवराव म्हणाले, "राम राम वैनी. हा तुमचा मालक चहाच्या दुकानात बसून तुमच्यावर आळ घेऊन राहिला. म्हणते, तुमी समुद्रात त्याचं नाव घेतलं. आमी म्हणलं, आसगावची बाई असं करन नाई. तुमीच सांगा. घेतलं काय?"

केवळरामला तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. स्वतःचं ओझं उतरवायला गेलो आणि आरोपी म्हणून तिला उभी केली. ती 'नाही' म्हणाली तर तो पुन्हा आसगावचं भूषण. 'होय' म्हणाली तर उद्यापासून विहिरीवर बायका तिच्याविषयी बोलणार. सुटायला दोन वाटा होत्या आणि दोन्हींचा भार तिच्यावरच होता. पुन्हा तेच.

"तिले नका इचारू," तो म्हणाला. "मी सांगतलं तेच खरं हाय. एकदा घेतलं होतं तिनं, जीवाच्या भेवानं."

रुखमाने सूप भिंतीला टेकून ठेवलं. हाताचा कोंडा झटकला. तिने वासुदेवरावांकडे पाहिलं नाही, ग्रामसेवकाकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं.

"केवळराम म्हणलं," ती म्हणाली. "दोनदा. पयल्या खेपेले दोर यांच्या हातातच होता."

मग ती खाली बसली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. धानाचा आवाज सुरू झाला. वासुदेवराव आपल्या चपलांकडे पाहत निघाले, त्यांच्यामागे बाकीचे. केवळराम अंगणातच उभा होता. पहिली हाक त्यालाही आठवत होती. पावणेतीन वर्षं त्याने ती मोजली नव्हती, एवढंच.

नोकरीला लागताना डॉक्टरांनी त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, तेही कुजबुजत, आणि तो वळला होता.